निदानाचा रकाना

आमच्या साहेबांना "याला काय झालं असेल?" असं विचारणं म्हणजे अख्खी दुपार आपल्या हातानं घालवणं होतं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं, आणि तरी पुढची दोन वर्षं मी तो प्रश्न विचारत राहिले. चूक कुणाची हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पशुवैद्यकाची पदवी घेऊन मी चंद्रपूरहून एसटीनं वैनगंगेपलीकडच्या त्या तालुक्याच्या गावी रुजू झाले, तेव्हा साहेबांच्या टेबलावर एक पिंजरा होता. पिंजऱ्यात निळा लव्हबर्ड पिसं फुगवून बसलेला. खरं तर ते बजरीगर, पण आमच्याकडे पिंजऱ्यातल्या प्रत्येक रंगीत पाखराला लव्हबर्डच म्हणतात. मी नवीन, उत्साही. विचारून बसले.

"तुमाले काय दिसून राह्यलं, मॅडम?" साहेबांनी चष्म्यावरून पाहत विचारलं.

"पिसं फुगलीत सर, डोळे अर्धे मिटलेत. इन्फेक्शन असेल."

"इन्फेक्शन कुठी दिसलं? मले बी दाखवा ना. तीस वर्सं झाले, मी अजून पाह्यलं नाई."

पाखराचे मालक एक तरुण मास्तर होते. ते माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत होते, कारण ते सकाळी साडेनऊपासून बसलेले होते आणि त्यांनाही अजून उत्तर मिळालेलं नव्हतं. साहेबांनी माझ्यापुढं कागद सरकवला. "दिसते थे लिवा. वाटते थे घरी न्या." हे वाक्य मी पुढं इतक्यांदा ऐकलं की त्यांनी नुसतं "दिसते" म्हटलं तरी माझ्या कपाळाला आठी पडायची.

गंमत म्हणजे गाईबैलांच्या बाबतीत हा माणूस असा नव्हताच. बैल फाटकातून आत येईपर्यंत साहेबांनी त्याचं दुखणं ओळखलेलं असायचं. अडलेली गाय, फुगलेली बकरी, सगळं झटपट. मालकाची विडी संपायच्या आत काम झालेलं. पाखरू आलं की मात्र साहेबांचं घड्याळ बंद पडायचं. मी एकदा वैतागून कारण विचारलं, तर म्हणाले, "बैल सांगते. बकरी त बोंबलते. पाखरू लपवते. मरते त्या दिवसापर्यंत दाणे खाल्ल्यासारखं करते. मंग आपण कायच्या भरवशावर नाव घ्याचं?"

हे बरोबर होतं. साहेबांचं जवळजवळ सगळं बरोबर असायचं, आणि तोच त्यांचा खरा त्रास होता.

पाखरू आपल्याला बघणारं कुणी आहे म्हटल्यावर आजार लपवतं, म्हणून साहेब पिंजऱ्याकडे पाठ करून बसत. खिशातून दाढीचा छोटा आरसा काढत आणि त्यातून मागच्या पाखराकडे बघत. वीस मिनिटं, कधी पाऊण तास. शेपटी श्वासाबरोबर हलते का, दाणा सोलून खातं की नुसता चोचीत फिरवतं, दांडीवर एका पायावर किती वेळ. ओळीत बकऱ्या घेऊन उभ्या असलेल्या बायांना वाटायचं, डॉक्टर भांग पाडून राह्यला. एक म्हातारी तर एकदा म्हणाली, "साहेब, झाला तुमचा भांग, आता माह्या बकरीले पाहा जी."

रजिस्टरमध्ये तारीख, मालक, जनावर, लक्षणं, निदान, उपचार असे रकाने असतात. पाखरांच्या ओळीत निदानाच्या रकान्यात साहेबांचं ठरलेलं अक्षर : "अजून नाही." खाली, त्याच्या खाली, पान उलटलं तरी "अजून नाही." जिल्ह्याहून तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, "याला पाच महिने झाले. अजून नाही म्हणजे?"

"थे पाखरू मेलं जी. मालकानं गाडून टाकलं, मले देल्लं नाई," साहेब म्हणाले. "आता कधीच नाई. तसं लिवू का?"

अधिकाऱ्यांनी पान उलटलं. शेरा मात्र माझ्या नावानं आला, कारण रजिस्टर माझ्या ताब्यात होतं.

आमच्या गावात इतकी पाखरं कुठून, असं कुणाला वाटेल. बदलीवर आलेली माणसं हे त्याचं उत्तर. मास्तर, नर्सबाई, पोलीस, पाटबंधाऱ्याचे बाबू. क्वार्टरमध्ये एकटं राहायचं, नेटवर्क कधी असतं कधी नसतं. कुत्रं पाळलं तर पुढच्या बदलीत त्याचं काय करायचं? पिंजरा मात्र एसटीत मांडीवर घेता येतो. आठवडी बाजारात एक विक्रेता मोटरसायकलला पिंजरे बांधून यायचा. त्याच्याकडून जोडी घ्यायची, आणि महिन्याभरानं ती जोडी साहेबांच्या टेबलावर.

ठाणेदारांनी एकदा आपल्या पाखराचा फोटो मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, "नाव व औषध कळवावे." साहेबांनी तो फोटो मला दाखवला. "हा फोटो तर एकदम तंदुरुस्त हाये," म्हणाले. मग ठाणेदार स्वतः पाखरू घेऊन आले. साहेबांनी पाखराकडे पाहिलंच नाही. "पिंजऱ्यात खाली पेपर टाकता ना? आजचा आणा." विष्ठेचा रंग, पाणी किती, दाणा न पचता पडतो का, हे त्यांना बघायचं होतं. ज्याला बघून गावातली भांडणं मिटायची, तो माणूस भर दुपारी जीपनं घरी गेला आणि घाणेरडा पेपर दोन बोटांत धरून परत आला. मी आतल्या खोलीत जाऊन हसून घेतलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पेपर उजेडात धरला आणि म्हणाले, "कालचा बी पाह्यजे होता."

हात धुण्याचं तर विचारूच नका. एका पाखराला हात लावला की दुसऱ्याला लावण्याआधी कोपरापर्यंत साबण, आणि सतराचा पाढा संपेपर्यंत चोळणं. पाढा ते मोठ्यानं म्हणत. बाहेरच्या ओळीला ऐकू जाई, आणि सतरा नव्वे आलं की लोक आपापल्या बकऱ्या ओढून तयार होत. मला ते पाढा म्हणायला लावत. मी मनात म्हणते म्हटलं तर चालत नसे. "मनातलं कोण तपासन?"

वजनाचा घोळ याहून मोठा. आजारी पाखराचं वजन आधी उतरतं, लक्षणं मागून येतात, म्हणून दर वेळी वजन हवंच. दवाखान्यातला काटा बकऱ्यांचा. त्यावर लव्हबर्ड ठेवला काय आणि नाही काय, सुई ढिम्म. लहान काट्याची मागणी दर वर्षी जिल्ह्याला जायची आणि तिथं मुक्काम करायची. म्हणून साहेब पाखरू दुपट्ट्यात गुंडाळून चौकातल्या सोनाराकडे नेत. सोनाराचा काचेच्या पेटीतला इलेक्ट्रॉनिक काटा. एकदा मुलीकडची मंडळी मंगळसूत्र बघायला बसली होती, आणि साहेबांनी त्यांच्यामधून हात घालून काट्यावर पाखराची पुरचुंडी ठेवली. सोनार सवयीनं म्हणाला, "पावणेतीन तोळे." मुलीची आई दचकून म्हणाली, "अगं बाई, हे जिवंत हाये!"

दुपट्टा मात्र दर वेळी सुटायचा, पाखरू दुकानभर उडायचं, मग दार लावा, पंखा बंद करा. हे शिवणवाल्या बाईंनी पाहिलं, आणि तिथून मला जे सांगायचं आहे ते सुरू होतं.

बाई सोनाराच्या मागच्या गल्लीत राहत. पन्नाशीच्या, एकट्या, दोन खोल्या, समोरच्या खोलीत शिलाई मशीन आणि मशीनच्या उजव्या हाताला भिंतभर जाळी लावून केलेला पिंजरा. गावातल्या निम्म्या बायांचे ब्लाउज त्यांच्या हातचे. त्यांच्याकडे अकरा पाखरं होती आणि अकरांची नावं कापडांची : सॅटिन, रुबिया, पॉपलीन, मलमल, जॉर्जेट... एक अगदी साधं राखाडी होतं, त्याचं नाव अस्तर. सॅटिन सगळ्यांत पहिली आलेली. मशीन चालू झालं की ती त्याच्याशी ताल धरून टकटक करायची. बाई दर महिन्याला अकरांची वजनं करवून घेत. साहेबांचं सगळं ऐकणारी गावातली ही एकमेव व्यक्ती. पाठ करून बसलेल्या साहेबांना त्या चहासुद्धा द्यायच्या नाहीत, पाखराचं लक्ष जाईल म्हणून.

त्यांनी साहेबांना एक थैली शिवून दिली. ब्लाउजच्या उरलेल्या मखमलीची, मरून रंगाची, नाडी ओढली की पाखराची मान तेवढी बाहेर. पाखराला टोचू नये म्हणून शिवण बाहेर काढलेली आणि मखमलीची मऊ बाजू आत. साहेब इतके खूश झाले की त्यांनी ती मला तीनदा दाखवली. त्या दिवसापासून गावातलं प्रत्येक पाखरू त्या थैलीत बसून सोनाराकडे जाऊ लागलं.

साहेब थैली झटकत आणि दवाखान्याच्या ओट्यावर उन्हात टाकत. झालं. आमच्याकडे उन्हावर सगळ्यांचा असा विश्वास आहे. गाद्या उन्हात, धान्य उन्हात, लोणच्याच्या बरण्या उन्हात. मे महिन्यात जिथं दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, तिथं किडा काय जगणार? "आमच्या उन्हात माणूस मरते," साहेब म्हणायचे. मीही चंद्रपूरचीच. मला त्यात काही खटकलं नाही. दोनदा पाढा म्हणून हात धुवायचे आणि त्याच हातानं ती थैली उचलायची, हे मी महिनोन् महिने पाहिलं आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

ऑगस्टमध्ये बाईंच्या चार पिल्लांची पिसं झडली. पंखातली लांब पिसं आणि शेपटी. पिल्लं घरट्याच्या डब्यातून उतरली, उडायला गेली आणि जमिनीवर पडली. मग ती उंदरांसारखी खालूनच पळायला लागली. त्यातलं एक सकाळी मेलेलं सापडलं. बाईंनी ते गाडलं नाही. स्वच्छ रुमालात गुंडाळून दवाखान्यात आणलं आणि टेबलावर ठेवलं.

"साहेब, बाजूची म्हणते बर्ड फ्लू हाये, सारे जाळून टाक. काय हाये थे मले सांगा. मारा लागन त मी मारतो, पण नाव सांगा."

मी बोलून गेले. हा विषाणूच आहे, पिल्लांची पिसं अशी झडतात ती त्यामुळंच, आणि ते चोच-पिसांच्या रोगाचं लक्षण आहे. सर्को विषाणू. पुस्तकातलं चित्र माझ्या डोळ्यांपुढं होतं.

"नाई तर पॉलिओमा," साहेब म्हणाले. "दोन्ही विषाणू पिल्लाचे पंख असेच झाडतेत. डोयानं फरक दाखवा मले."

"सर, बाई तिथं उभ्या आहेत!"

"म्हणूनच त म्हणून राह्यलो. बाई, अजून नाई माहीत. तपासा लागन."

मला त्या क्षणी त्यांच्या खिशातला आरसा घेऊन फोडावासा वाटला. माणसाला धीर देणारं एखादं वाक्य बोलायला काय जातं? बाई मात्र मान हलवून गेल्या.

मग सुरू झालं नमुन्यांचं. मी पिंजऱ्याच्या तळातून पिसं गोळा करून आणली, ती त्यांनी केरात टाकली. "हे कोणाचं हाये? सांगता येते? खालच्या पिसावर साऱ्या पिंजऱ्याची धूळ बसते. मुळासकट उपटलेलं पाह्यजे." मग एकेका पाखराचं मुळासकट एक पीस, नखाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब गाळणकागदावर, प्रत्येकाचं वेगळं पाकीट, प्रत्येकामागे पाढा. मी म्हटलं, सगळ्यांचं एकत्र पाठवू, एकाच खोलीत आहेत. तर म्हणाले, "एकत्र पाठवलं त एकत्रच मारा लागन." अकरा मोठी, तीन जिवंत पिल्लं. संध्याकाळ झाली. मेलेलं पिल्लू बर्फाच्या थर्मासमध्ये. प्रयोगशाळा मोठ्या शहरात, आणि आमचा कुरिअरवाला म्हणजे एसटीचा कंडक्टर. पुलावर पाणी आल्यानं गाड्या बंद होत्या. दोन दिवस मी बसस्टँडवर मांडीवर थर्मास घेऊन बसले, आणि साहेब दर दोन तासांनी येऊन त्यात बर्फ घालून जात. लोक विचारत, मॅडम, डबा कोणाचा? तिसऱ्या दिवशी गाडी सुटली.

रिपोर्ट मोबाइलवर आला. सर्को. मी म्हटलं तेच. पण साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला "बघा" म्हणायचं धाडस झालं नाही. अकरा मोठ्यांपैकी सहा पॉझिटिव्ह, पाच निगेटिव्ह. बर्ड फ्लूचा संबंध नव्हता. पिल्लांतलं आणखी एक तोवर गेलं होतं. उरलेली दोन जमिनीवरच पळत होती.

माझ्या मते आता प्रश्नच नव्हता. या रोगाला औषध नाही. सहा जणांना शांतपणे झोपवायचं आणि पाच वाचवायचे. मी तसं बोलले. साहेबांनी सहांपैकी एकेकाला परत आरशात बघितलं. चोच नीट, पिसं नीट, वजन जसंच्या तसं.

"नव्वद दिवस," ते म्हणाले.

"सर?"

"विषाणू अंगात दिसला म्हणजे रोग झाला असं नाई. मोठं पाखरू त्याले फेकून बी देऊ शकते. नव्वद दिवसांनी पुन्हा तपासाचं. सहांना आन् पिल्लांना मागच्या खोलीत ठेवा, पाचांना समोर. तोपर्यंत निदान नाई."

पुस्तकात हेही होतं. मी ते पान वाचलेलं होतं आणि घाईत विसरले होते.

बाईंनी दोन खोल्यांत दोन पिंजरे केले. कपडे दोन, झाडू दोन. मागच्या खोलीतून समोर येताना साडी बदलायच्या. दिवाळीचं शिवणाचं काम तोंडावर असताना. मी ते बघून आले की साहेबांवर चिडायची : नव्वद दिवसांनी सगळी मरायचीच असतील, तर या बाईला हा छळ कशाला?

तिकडे साहेबांना वेगळाच भुंगा लागला होता. आला कुठून? बाईंनी वर्षभरात एकही नवं पाखरू घेतलेलं नव्हतं. गावात पिसं झडलेली पाखरं आणखी तीन घरी निघाली : नर्सबाई, मास्तर आणि ठाणेदार. या चार घरांचं एकमेकांकडे जाणं-येणं नव्हतं. दाणे वेगवेगळ्या दुकानांतले. साहेब वहीत प्रत्येक घराची तारीखवार यादी करत बसले. मी म्हटलं, "जाऊ द्या ना सर, आला तो आला." ते ऐकतात थोडंच. एका दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं. चारही घरांच्या यादीत एकच गोष्ट सारखी होती : वजन. जूनमध्ये नर्सबाईंनी बाजारातून घेतलेलं पाखरू वजनाला आलं होतं, आणि त्यानंतर बाकीची.

ते उठले, खिडकीला टांगलेली मखमलीची थैली खाली घेतली आणि कात्रीनं तिचा आतला कोपरा कापला. तो कोपरा पाकिटात घातला, वर लिहिलं "थैली", आणि मला बसस्टँडवर पाठवलं.

रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. थैली पॉझिटिव्ह. या विषाणूची धूळ महिनोन् महिने टिकते. साबणाला, स्पिरिटला, आमच्या उन्हाला तो फारसं जुमानत नाही. आणि पावसाळ्यात तर ऊनही नव्हतं.

साहेबांनी थैली दवाखान्यामागच्या खड्ड्यात जाळली आणि काठीनं राख खालीवर केली. मग म्हणाले, "चला, बाईकडे जाऊ. सांगा लागन."

मी जीव तोडून समजावलं. बाजारातून आला म्हणा, खोटं नाही ते. गावभर बोभाटा होईल. ते ऐकत नव्हते. वाटेत मला हळूच म्हणाले, "पण थैलीचं बोलाचं नाई."

"मग काय सांगणार?"

"मी हात नाई धुतले, म्हणून सांगीन."

मी रस्त्यातच थांबले. हा माणूस! रजिस्टरमध्ये एक खोटा शब्द लिहू न देणारा. "सर, थैली पॉझिटिव्ह आहे, रिपोर्ट आहे तुमच्याकडे."

"थैली कोणी शिवली? मऊ बाजू आत कोणी ठेवली?" ते म्हणाले. "तिले समजलं त तिले वाटन आपल्याच हातानं झालं. तिले त्याच हातानं रोज शिवाचं हाये. माहे हात त काय, वर्सभरात रिटायर होऊन राह्यले."

"बाईंना सहन होणार नाही हे कशावरून? हा तुमचा अंदाज आहे."

"अंदाजच हाये," ते म्हणाले. "कुठी लिवून नाई ठेवणार."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. साहेब दारातच उभे होते. "दुसरीकडचं बिमार पाखरू पाह्यलं, घाई होती, हात नाई धुतले, आन् तुमच्या पाखराले लावले." बाईंना आधी खरंच वाटेना. "तुमी? तुमी नाई धुतले?" साहेबांनी मान हलवली. बाई मशीनवर बसल्या होत्या त्या उठल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी तुमच्या शब्दावर साड्या बदलून राह्यली दिवसातून धा वेळा. आन् तुमच्यानं हात नाई धुवल्या गेले. आता माह्या दारात याचं नाई, साहेब."

जो माणूस दिवसभर दुसऱ्यांना हात धुवायला लावतो त्यानंच धुतले नाहीत, ही बातमी गावाला इतकी गोड लागली की विचारू नका. दवाखान्याच्या ओळीत लोक सतराचा पाढा म्हणू लागले. ठाणेदारांनी आपल्या पाखराबद्दल जिल्ह्याला पत्र लिहिलं. साहेब मुकाट बसून बकऱ्या तपासत. मला राग यायचा, गावाचा आणि त्याहून जास्त साहेबांचा. एक वाक्य बोललं असतं तर सगळं थांबलं असतं. ते वाक्य माझ्याकडेही होतं, आणि त्यांनी माझ्याकडून वचन घेतलेलं होतं. असली वचनं घेणाऱ्या माणसांचा मला आजही संताप येतो.

नव्वद दिवसांनी नमुने घ्यायला मी एकटी गेले. खालून पळणारी दोन्ही पिल्लं तोवर गेली होती. मी स्वतः मागवलेला छोटा काटा, प्रत्येक पाखराला नवा कागद. साहेब गल्लीच्या तोंडाशी हातपंपाजवळ उभे होते. मी बाहेर येताच, "रुबियाचं वजन? अस्तरचं?" मी चिडून कागदच त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या दोनदा वाचला.

सहांपैकी पाच साफ निघाली. त्यांनी विषाणू फेकून दिला होता. एकटी सॅटिन पॉझिटिव्ह राहिली. बाईंनी तिला मागच्या खोलीत निराळी ठेवली आणि ती पुढं वर्षभर जगली. माझं ऐकलं असतं, तर ती पाच पाखरं ऑगस्टमध्येच गेली असती. बाईंनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "मॅडम, तुमच्यामुळं वाचले माहे पाखरं." दवाखान्यात येऊन साहेबांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "बरं झालं. रजिस्टर आणा." आणि पाच ओळींत "अजून नाही" खोडून त्यांनी लिहिलं, "रोग नाही." सहाव्या ओळीत सर्कोचं नाव लिहिलं, स्वच्छ अक्षरात.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाला पंधरा माणसं होती. बाई आल्या नाहीत. साहेब मूल तालुक्यातल्या आपल्या गावी गेले. फोन केला तर पाखरांची चौकशी करतात आणि स्वतःचं काही सांगत नाहीत.

गेल्या महिन्यात मी ब्लाउजचं माप द्यायला बाईंकडे गेले होते. पिंजऱ्यात नवी पिल्लं, सगळी उडणारी. बाई मशीन चालवता चालवता म्हणाल्या, "मॅडम, तुमाले एक थैली शिवून देऊ का वजनाले? मखमल उरली हाये. त्या साहेबाले देल्ली होती, त्यानं काय केली माहीत नाई."

"मखमल नको," मी म्हटलं. "सुती शिवा, रोज उकळता येईल अशी. मखमलीत धूळ—"

मी थांबले, पण उशीर झाला होता. बाईंचं मशीन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पिंजऱ्याकडे, मग कापडावर टेकलेल्या आपल्या हातांकडे. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

मग त्यांनी कपाटातून पांढरं सुती कापड काढलं, उलगडलं आणि मशीनवर अंथरून कात्री घेतली.

"दोन शिवतो," त्या म्हणाल्या. "एक त्याइले धाडजा."

"बाई, ते आता पाखरं तपासत नाहीत."

"माहीत हाये मले," बाई म्हणाल्या, आणि कापड कापू लागल्या.